महारेरा एजंट नोंदणीचं रिन्यूअल नावामुळे अडकलं होतं, असं सुटलं

आर्वीकडे ले-आउटचे प्लॉट दाखवतो मी, आणि महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, एजंट नोंदणी पाच वर्षांचीच असते त्यामुळे रिन्यूअल आलं. यावेळी नवीन गोष्ट म्हणजे 2023 पासून एजंटला ट्रेनिंग करून परीक्षा पास व्हावंच लागते, जुन्या लोकांनाही. मला हा नियम पटला भाऊ, शेती विकून आयुष्यभराचा पैसा प्लॉटात टाकणाऱ्या माणसाला आपण एनए (बिगरशेती परवानगी), सातबारा, मंजूर नकाशा नीट समजावून सांगू शकलो पाहिजे ना. पेपर मराठीतही देता येते, नागपूरला देऊन आलो.

खरी अडचण पुढे आली. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर फक्त आद्याक्षर, परीक्षेचं सर्टिफिकेट आधारप्रमाणे निघालं अन् अर्ज त्रुटीत परत आला. सेतूवाला म्हणे अफिडेव्हिट लावून द्या, पण मी पॅनच आधारप्रमाणे दुरुस्त करून घेतलं, ऑनलाइन होते ते, आधारच्या मोबाईलवर ओटीपी येते फक्त तो नंबर चालू पाहिजे. मग बँकेत केवायसी, मग पोर्टलवर प्रोफाइल, सगळीकडे एकच नाव करून पुन्हा सबमिट केलं तेव्हा मंजूर झालं.

गावातल्या पोरांनो, रेरा नोंदणी असलेल्या प्रोजेक्टचा प्लॉट विकत असाल तर तुमची नोंदणी पाहिजेच, नाहीतर रेरा कायद्याच्या कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड आहे. मुदत संपायच्या बऱ्याच आधी कागद काढून नावं जुळवून पाहा.