इंदूरला पोस्टडॉक करायला येताय? आधी इथून निघायची तारीख लिहून ठेवा

घर बघायला लोकमान्य नगरात किंवा रामबागेत गेलात की काकू विचारतीलच, "म्हणजे तुम्ही शिकता की शिकवता?" बारा वर्षांपूर्वी मी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनासाठी, साताऱ्याहून आले, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर देताना माझा चहा गार झाला होता. शेवटी काकूंनी करारात सरळ 'विद्यार्थिनी' लिहिलं. त्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. आपल्याला मिळते ती फेलोशिप, पगार नव्हे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि कर्ज मागायला गेलं की बँकेतला माणूसही काकूंचाच प्रश्न विचारतो.

राहण्याचं एका वाक्यात सांगते: आयआयटीत असाल तर सिमरोललाच राहा, खंडवा रोडवर रोजची ये-जा अंगावर येते, आरआरकॅट (अणुऊर्जा विभागाची प्रयोगशाळा) किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या यूजीसी-डीएई या संशोधन केंद्रात असाल तर शहरात मराठी घर मिळतं.

पैशाचं मात्र नीट ऐका. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या प्रकल्पांवर रिसर्च असोसिएटला, म्हणजे आपल्यासारख्या पोस्टडॉकला, पहिल्या पायरीवर महिना ५८,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं. कागदावर. माझी फेलोशिप एकदा पाच महिने अडकली, कारण मार्चअखेरचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी), म्हणजे निधी कसा खर्च झाला त्याचा दाखला, लेखा विभागात कुणाच्या तरी टेबलावर पडून होतं. मी तेव्हा गाईडना विचारायला लाजत राहिले. तुम्ही लाजू नका. एप्रिल उजाडला की 'यूसी गेलं का?' एवढंच विचारायचं, आणि तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवायचं.

आता इंदूरच का, ते सांगते. भौतिक, रसायन, मटेरियल यांतलं काम असेल तर भारतात याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही. आरआरकॅटचा इंडस-२ हा २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र. देशभरातून लोक प्रस्ताव पाठवून बीमटाइम, म्हणजे ते किरण वापरायची पाळी, मिळवतात, सॅम्पलच्या डब्या घेऊन रेल्वेने येतात. बीम गेला आणि पाळी संपली, की बिचारे तसेच परत. तुम्ही इथलेच. कुणाची पाळी रिकामी राहिली तर अर्ध्या तासात पोचू शकता (गेटपास मात्र आधी करून ठेवा). माझा एक पेपर अशाच उसन्या रात्रीचा आहे. सॅम्पल माझं, प्रश्न माझा, गाईडचं नाव नाही. पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याच पेपरवर विचारलं गेलं. उरलेल्या सातांचा विषयही निघाला नाही.

मुलाखत घेणाऱ्यांना हेच हवं असतं: गाईड बाजूला केला तर हा माणूस काय करेल? म्हणून पहिल्या वर्षात एक तरी काम स्वतःचं उभं करा, आणि ते स्वतःचं असेल हे गाईडशी रुजू होतानाच बोलून घ्या. नंतर बोललात तर भांडण होतं.

इंदूरचा धोका वेगळाच. हे गाव माणसाला चिकटतं. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, गणपतीत ओळखीची चार घरं, आणि सहा महिन्यांत आपणही 'करून राहिलो' म्हणायला लागतो. गाईड म्हणतात, "अजून एक वर्ष वाढवू." आपण हो म्हणतो. मी तीनदा म्हटलं. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची वयोमर्यादा ३५. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. मी त्या सवलतीच्या भरवशावर राहिले आणि ती कधी संपली ते कळलं नाही. आयआयटीत ग्रेड १ च्या सहायक प्राध्यापकाला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात. त्या हिशोबाने तीन-चार वर्षं ठीक. सातव्या वर्षी समोरचा विचारतो, "इतके दिवस काय?" आणि ते कौतुक नसतं.

अर्ज रुजू झाल्या महिन्यापासून सुरू करा. नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालं नसेल तर देऊन टाका, पीएचडी आहे म्हणून टाळू नका. जुलै २०२३ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा राज्याची सेट पुरते, पीएचडीची सक्ती नाही. म्हणजे स्पर्धेत आता पीएचडी नसलेलेही आहेत. मध्य प्रदेशच्या सरकारी महाविद्यालयांत 'अतिथी विद्वान' म्हणून बोलावतील. आपल्याकडच्या सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीचा, हा सख्खा भाऊ. वर्षभर पोट भरायला ठीक, त्याच्या भरवशावर संशोधन होत नाही. महाराष्ट्राचा जातीचा दाखला इथल्या राज्य भरतीत आरक्षणासाठी चालत नाही, खुल्या गटातच धरतात. केंद्रीय संस्थांसाठी ओबीसी नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतं; ते गावच्या तहसिलीतून दिवाळीच्या सुट्टीत करून आणा, जाहिरात आल्यावर धावाधाव नको.

प्राध्यापकी सोडण्याला हार म्हणणारे भेटतील. माझ्या गटातला एकजण इथून जवळच्या पीथमपूरच्या औषध कंपनीत गेला. संध्याकाळी सहाला घरी असतो आणि पेपर वाचतो ते हौसेने. मी खासगी विद्यापीठात शिकवते, आठवड्याला सोळा तास. संशोधन शनिवारी.

आणि एक. निघताना अनुभवाचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय 'नो ड्यूज'वर, म्हणजे काही देणं बाकी नाही या कागदावर, सह्या गोळा करायला जाऊ नका. प्रमाणपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची, दोन्ही तारखा हव्यात. माझ्या कागदावर नुसतं वर्ष होतं. गाईड तोवर निवृत्त झालेले, आणि ती एक तारीख घालून घ्यायला मला चार महिने लागले.