बंद कंपनीचं नाव उचलताय? आधी या चुका टाळा

"ती कंपनी तर कधीच बंद पडलीय, मग नाव मोकळंच असणार ना?" हे वाक्य ज्या दिवशी ऐकायला मिळत नाही तो दिवस म्हणजे बहुतेक रविवार. कंपनी रजिस्ट्रेशनच्या कामात असलेला कुठलाही माणूस हेच सांगेल. आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा व्हिजिटिंग कार्डं आधीच छापलेली असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "बंद" हा एकच प्रकार आहे असं धरून चालणं. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, पोर्टलवर कंपनीचा मास्टर डेटा उघडा, स्टेटसच्या रकान्यात काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. स्ट्राइक ऑफ असेल तर आरओसीने, म्हणजे कंपन्यांच्या रजिस्ट्रारने, कंपनी कायद्याच्या कलम 248 खाली नाव रजिस्टरमधून काढलंय, आणि नेमकं तेच नाव गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून 20 वर्षं कुणालाच मिळत नाही. जुन्या 1956 च्या कायद्याच्या कलम 560 खाली काढलेल्यांनाही हाच नियम. कंपनी लिक्विडेशनमधून, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेतून, जाऊन डिझॉल्व्ह झाली असेल तर मात्र मुदत 2 वर्षांची. आता होतं काय, की कुणीतरी व्हॉट्सअॅपवर "2 वर्षं झाली की नाव मिळतं" एवढंच फिरवतो, लोक तेवढंच धरून बसतात आणि स्ट्राइक ऑफच्या नावासाठी अर्ज टाकतात. 2017 साली सरकारने 2 लाखांवर कंपन्या एका झटक्यात काढल्या, आजही लोकांना आवडणारी बरीच नावं त्याच यादीतली निघतात, म्हणजे ती 2037 पर्यंत विसरा.

अंडर प्रोसेस ऑफ स्ट्राइकिंग ऑफ म्हणजे अजून गेलेली नाही. डॉर्मंट म्हणजे चक्क जिवंत, कलम 455 खाली झोपायची परवानगी घेतलेली. आणि कंपनीने नुसतं नाव बदललं असेल तर तिचं जुनं नावही बदलाच्या तारखेपासून 3 वर्षं अडकलेलं असतं, हे तर कुणाच्या गावीही नसतं.

20 वर्षं कशाला, असं विचारतात. कारण कलम 252 प्रमाणे काढून टाकलेली कंपनी, तिचा मेंबर, धनको (जिचं येणं बाकी आहे अशी व्यक्ती) किंवा कामगार 20 वर्षांच्या आत एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात, जाऊन ती परत उभी करू शकतो. उद्या ती परत आली आणि नावावर तुम्ही बसलेले असाल तर काय करायचं?

आता मसालेवाल्याची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळंच आलं. सांगलीकडचा माणूस, घरचा मिरची-मसाल्याचा धंदा, चांगला चाललेला. त्याला एका बंद पडलेल्या कंपनीचं नाव हवं होतं कारण "बाजारात अजून लोक त्या नावाने मसाला मागतात". बरोबर होतं त्याचं, मागतातच. एका एजंटने त्याला सांगितलं, कंपनी स्ट्राइक ऑफ आहे, काळजी करू नका, स्पेलिंगमध्ये एक ए वाढवू, मागे फूड्स लावू, होऊन जाईल. हा पठ्ठ्या त्या भरवशावर पाऊच छापायला गेला. लॅमिनेटचे पाऊच छापायचे तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, याचं डिझाईन सहा रंगांचं, म्हणजे सहा सिलिंडर, आणि त्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात नवीन कंपनीचं नाव प्रायव्हेट लिमिटेडसकट कोरलेलं. कंपनी अजून जन्मालाच आली नव्हती!

स्पाइस प्लस, म्हणजे नवीन कंपनी नोंदवायचा ऑनलाइन फॉर्म, त्याच्या पार्ट ए मध्ये नावाचा अर्ज गेला, रिजेक्ट. आमच्याकडे आला तेव्हा हातात नमुन्याचा पाऊच आणि रिजेक्शनचं पत्र. पत्रातलं कारण वाचलं तर 20 वर्षांचा मुद्दाच नव्हता, ट्रेडमार्कचा होता. त्या नावाचा क्लास 30 मधला, म्हणजे मसाले ज्यात येतात त्याच क्लासचा, ट्रेडमार्क कंपनी बंद व्हायच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी विकत घेतला होता आणि वेळेवर रिन्यूही केला होता. कंपनी गेली, ब्रँड दुसऱ्याच्या घरी नांदतोय. एक ए वाढवून त्यावर काय फरक पडणार होता? मालकाच्या संमतीशिवाय ते नाव कंपनीलाही मिळत नाही आणि पाऊचवरही चालत नाही. सिलिंडर घासून परत कोरायला गेले, खर्च एजंटने दिला नाही हे सांगायला नको.

म्हणून माझी सवय उलटी आहे. मी कंपनीचं नाव नंतर बघतो, आधी आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क खात्याच्या, साइटवर ट्रेडमार्क सर्च. फुकट आहे, फक्त वर्डमार्क टाकून थांबायचं नाही, फोनेटिक, म्हणजे उच्चारावरून, सर्चही करायचा. आपली मराठी नावं इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात, वसुंधरा व्हीने की डब्ल्यूने, शेवटी एक ए की दोन, सगळं टाकून बघतो. मग सापडलेल्या प्रत्येक बंद कंपनीचा सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), स्टेटस आणि एसटीके-7 नोटिशीची, म्हणजे नाव काढल्याच्या जाहीर नोटिशीची, तारीख एका कागदावर. हाताने लिहितो, कॉपी-पेस्ट केलं की डोळे तारखेवरून घसरतात. याला थोडा वेळ जातो आणि नेमका तेवढाच वेळ कुणाला नसतो, सगळ्यांना "आजच टाका" हवं असतं.

ट्रेडमार्कची मुदत संपलेली दिसली म्हणून लगेच उड्या मारू नका. रजिस्ट्रेशन 10 वर्षांचं असतं, रिन्यू न केल्याने काढला गेला तरी पुढचं एक वर्ष साधारणपणे तो दुसऱ्याच्या अर्जाला आडवा येतोच.

बाकीच्या चुका पटापट.

"आमची लाईनच वेगळी आहे, ते पाइप बनवायचे आम्ही पेढे बनवतो." ट्रेडमार्कमध्ये क्लासला अर्थ आहे, कंपनीच्या नावात लाईन वेगळी म्हणून सूट नाही.

मागे कोल्हापूर लावणं, अनेकवचन करणं, शब्द उलटसुलट करणं, डॉट कॉम जोडणं. नाव सारखं आहे का हे बघताना असले फरक धरतच नाहीत.

कंपनी नाही तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) घेऊ. तिथेही नाव कंपन्यांशी आणि ट्रेडमार्कशी ताडून बघतात.

शॉप अॅक्ट आणि उद्यम निघालं म्हणजे नाव आपलं झालं. नाही झालं. ती धंद्याची नोंद, नावाचा हक्क नाही.

पार्ट ए मध्ये दोन नावं देता येतात तर दुसऱ्या रकान्यात पहिल्याचाच जुळा भाऊ टाकणं. हजार रुपये फी, रिसबमिशनची संधी एकदा, आणि तुम्ही ती अशी घालवता. दुसरं नाव खरंच वेगळं द्या. मंजूर झालेलं नाव 20 दिवसच राखून ठेवतात, जास्तीचे पैसे भरून 60 पर्यंत वाढतं, पण मंजुरीनंतर कंपनीच्या पत्त्यासाठी भाडेकरार शोधायला निघणारे असतात त्यांना तेही पुरत नाही.

आणि खोटी माहिती देऊन नाव मिळवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या ऑफिसातून उठा. कलम 4 प्रमाणे नाव रद्द आणि 1 लाखापर्यंत दंड. कंपनी होऊन गेल्यावर ट्रेडमार्कवाल्याने तक्रार केली, नाव बदलायचा आदेश आला आणि तुम्ही तो पाळला नाही, तर सरकार स्वतःच नवीन नाव देतं. ओआरडीएनसी, मग वर्ष, मग अनुक्रमांक, मग तुमचा सीआयएन, असं ते नाव असतं. हे बोर्डावर रंगवून घ्यायला पेंटर किती घेईल विचारून ठेवा.

राहिला एक प्रश्न, जो खरा असतो. कंपनी वडिलांचीच होती, स्ट्राइक ऑफ झाली, नाव घराण्याचं आहे. तरीही 20 वर्षं लागूच, तुमचं आडनाव बघून नियम वाकत नाही. अशा वेळी नव्या कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा जुनीच जिवंत करता येते का ते बघा. शेअर कुणाच्या नावावर आहेत ते आधी शोधा, काढलं तेव्हा धंदा चालू होता हे दाखवणारी बँक स्टेटमेंट, जीएसटी किंवा व्हॅटचे कागद गोळा करा, आणि एनसीएलटीचं काम करणाऱ्या सीएसकडे (कंपनी सेक्रेटरीकडे) जा. थकलेले सगळे रिटर्न भरावे लागतात, 2018 च्या मध्यापासून लेट फी फॉर्ममागे रोज 100 रुपये, तेव्हा आकडा ऐकायच्या आधी खुर्चीत नीट बसा.