फुगलेल्या झडपेला पावसात रंधा नको
श्रावणात खिडकी लागेना म्हणून झडप लगेच रंधून घेऊ नका. कोकणच्या दमट हवेत लाकूड फुगतं. आत्ता तासलंत तर उन्हाळ्यात फट पडेल. दिवाळीनंतर, झडप नीट सुकली की काम काढा. जुना साग सहसा आतून ठणठणीत असतो, टाकून देऊ नका हो! झडप उतरवून खालची कड मात्र बघाच. तिथे रंगाचा ब्रश कधी पोचलेला नसतो, पाणी तिथूनच चढतं. टोच्याने दाबा, मऊ लागेल तेवढंच काढा. मग त्या कडेला अळशीचं तेल दोनदा पाजा, पूर्ण वाळलं की रंग. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा. बिजागऱ्या आणि स्क्रू दोन्ही पितळीच घ्या, खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही.