साइडकार लावल्यावर हँडल जड का होतं आणि ट्रेल कमी कसा करायचा

साइडकार जोडलेली गाडी चालवताना तासाभरात खांदे भरून येत असतील, तर त्यात तुमच्या ताकदीचा दोष नाही. दोष ट्रेलचा आहे. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं, तो स्टीअरिंग अक्ष. ही रेषा खाली वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या पुढे जमिनीला भिडते, या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. एकटी मोटारसायकल वळणात कलते, त्यामुळे ९० ते ११० मिमी ट्रेल तिला मानवतो आणि सरळ रेषेत स्थिर ठेवतो. साइडकारची गाडी कलत नाही. वळताना टायरवर आडवा जोर येतो आणि तो ट्रेलच्या लांबीइतक्या तरफेने हँडल उलट फिरवू पाहतो. ही तरफ जवळपास निम्मी केली की हँडल बोटांवर येतं. साइडकारसाठी ५० ते ६५ मिमी ट्रेल बहुतेकांना जमतो. त्याहून कमी करता येतो, पण हळू वेगातलं थरथरणं वाढतं.

ट्रेलला हात लावण्याआधी साइडकारची जुळणी तपासा. हँडल जड लागणं वेगळं आणि गाडी एका बाजूला ओढणं वेगळं. ओढणाऱ्या गाडीचा ट्रेल कमी केला तर गाडी हलक्या हाताने ओढेल, एवढाच फरक पडेल.

जुळणीसाठी सपाट फरशी, दोन लांब सरळ अॅल्युमिनियम पट्ट्या आणि अँगल गेज लागतं. टायरमध्ये हवा बरोबर भरा, चालक गाडीवर बसवा आणि साइडकारमध्ये नेहमीइतकं वजन ठेवा. एक पट्टी मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना आणि दुसरी साइडकारच्या चाकाला जमिनीपासून १० ते १५ सेंमी उंचीवर टेकवा. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असेल तर फरकाच्या निम्मं पॅकिंग पुढे घाला: मागे १२० आणि पुढे ९० मिमी असेल तर १५ मिमी. हे पॅकिंग विसरलं की पुढची सगळी मापं चुकतात. आता पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर १० ते २० मिमी कमी हवं, हा टो-इन. तो जास्त झाला की टायर घासून झिजतो. कमी पडला की गाडी साइडकारकडे ओढते. मोटारसायकल साइडकारपासून बाहेरच्या बाजूला साधारण १ अंश झुकलेली ठेवा. साइडकारचं चाक मागच्या एक्सलच्या थोडं पुढे असतं, ते जोडणीतच ठरतं.

आता ट्रेल मोजू. त्यासाठी तीन आकडे हवेत: वजन घेतलेल्या पुढच्या चाकाची त्रिज्या, म्हणजे एक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची, स्टीअरिंग अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कोन, म्हणजे रेक, आणि अक्षापासून एक्सलपर्यंतचं काटकोनातलं अंतर, म्हणजे ऑफसेट. मूळ टी, म्हणजे फोर्कच्या नळ्या स्टीअरिंगशी धरून ठेवणारा जोड, असेल तर फोर्कच्या नळ्या अक्षाला समांतर असतात, म्हणून नळीवर गेज ठेवून रेक मिळतो. सूत्र असं: त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा आणि उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा.

उदाहरणार्थ, त्रिज्या ३२० मिमी, रेक २७ अंश, ऑफसेट ६० मिमी. ट्रेल सुमारे ९६ मिमी येतो. ऑफसेट ९० केला की तो ६२ वर उतरतो. म्हणजे ऑफसेटच्या दर ३० मिमीमागे ट्रेल जवळपास ३४ मिमी घटतो.

फोर्क टीमधून वर सरकवून काम भागेल, असं अनेकांना वाटतं. भागत नाही. १४०० मिमी व्हीलबेसच्या, म्हणजे दोन एक्सलमध्ये तेवढं अंतर असलेल्या गाडीत फोर्क २० मिमी वर सरकवला तर रेक फक्त ०.८ अंशाने कमी होतो आणि ट्रेल जेमतेम ५ मिमी घटतो. शिवाय जमिनीपासूनची उंचीही जाते. उलट लांब फोर्क बसवला तर रेक आणि ट्रेल दोन्ही वाढतात. हे साइडकारवाल्यांनी टाळायलाच हवं.

खरे उपाय तीन. पहिला, जास्त ऑफसेटची टी. फोर्क आणि चाक मूळचंच राहतं, म्हणून हा सर्वांत सरळ मार्ग. दुसरा, तिरकी टी, जिच्यात नळ्या अक्षाला समांतर न राहता ३ ते ५ अंश पुढे झुकतात. खालच्या टीपासून एक्सल ६०० मिमीवर असेल तर ४ अंशांनी एक्सल सुमारे ४२ मिमी पुढे जातो. पण पुढची बाजूही २० मिमीच्या आसपास खाली बसते आणि त्याने ट्रेल आणखी घटतो. म्हणून हिशेब करताना ऑफसेटवरच थांबू नका. बसवल्यावर पुन्हा मोजा.

तिसरा, लीडिंग लिंक फोर्क. चाक पुढच्या आडव्या भुजेवर असल्यामुळे ऑफसेट हवा तसा ठेवता येतो आणि बाजूचा जोर हा फोर्क उत्तम झेलतो. बीएमडब्ल्यूच्या अर्ल्स फोर्कमध्ये, जो याच प्रकारचा आहे, भुजेच्या पिव्हटला, म्हणजे ती ज्यावर फिरते त्या खिळीला, दोन जागा होत्या. साइडकार लावली की पिव्हट पुढच्या भोकात बसवायचा आणि ट्रेल कमी व्हायचा. असा फोर्क करून घेताना ब्रेकचा आधार थेट भुजेवर ठेवला तर ब्रेक मारताना पुढची बाजू वर उचलली जाते. ब्रेकचा आधार धरणारा वेगळा दांडा, म्हणजे टॉर्क आर्म, भुजेला समांतर बसवला की ते कमी होतं.

मूळ टी तापवून वाकवू नका आणि वेल्डिंग करून वाढवू नका. साइडकारच्या गाडीत फोर्कवर आडवा जोर सतत असतो आणि टीला तडा गेला तर सावरायला काहीच उरत नाही.

नवी टी बसवताना स्टीअरिंगचं बेअरिंगही बदला. गोळ्यांच्या कोनसेटऐवजी टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरचं बेअरिंग, घाला. गाडी जॅकवर घेऊन हँडल मध्यभागातून हलकं ढकला. ते न अडकता दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जायला हवं आणि फोर्क पुढे-मागे ओढला तर ठोका जाणवू नये. मग हँडल दोन्ही टोकांना वळवून ब्रेक होज, क्लच केबल आणि वायरिंग ताणलं जात नाही ना, हे बघा. ऑफसेट वाढल्यावर होज आखूड पडणं ही नेहमीची अडचण आहे.

मोकळ्या जागेत चाचणी घ्या. रिकाम्या साइडकारमध्ये ४० ते ५० किलो वाळूची पोती बांधून ठेवा, नाहीतर साइडकारच्या बाजूला वळताना तिचं चाक उचललं जाईल. २५ ते ४० किमी वेगाच्या मधे हँडल थरथरेल, कारण कमी ट्रेलचा तो गुणधर्मच आहे. हँडलची थरथर शोषणारा स्टीअरिंग डॅम्पर लावा आणि थरथर थांबेपर्यंतच आवळा. खूप आवळावा लागत असेल तर आधी बेअरिंग, चाकाचा तोल आणि टायरची हवा पाहा. डॅम्परने सैल बेअरिंग झाकलं जातं, बरं होत नाही.

वेग वाढवताना गाडी साइडकारकडे आणि ब्रेक मारताना उलट बाजूला थोडी वळेल. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर जास्तच. जुळणी ठरावीक वेगाला सरळ धावेल अशी करा. १०० किमीनंतर टीचे आणि साइडकारच्या जोडणीचे सगळे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा तपासा आणि टायरच्या कडेवर हात फिरवा. एका दिशेने करवतीसारखी धार लागली तर टो-इन चुकला आहे.