वसंतातली बर्बन: घरच्या घरी तुलना कशी करायची

घरी जमून केलेली बर्बनची (मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीची) तुलना बहुतेक वेळा बाटल्या उघडायच्या आधीच फसलेली असते. चार जण चार बाटल्या घेऊन येतात. एक ४० टक्के अल्कोहोलची, एक ५७ ची, एक कोवळी, एक बारा वर्षं पिंपात काढलेली. रात्र संपता संपता जी सगळ्यात जोरदार, ती 'सगळ्यात भारी' ठरते. त्यात तुलना झाली ती अल्कोहोलची, बर्बन बाजूलाच राहिली. चव खरोखर कळायची असेल तर तीन बाटल्या पुरतात, पण त्यांच्यात फरक एकच हवा आणि बाकी सगळं होता होईल तेवढं सारखं.

अमेरिकेत हे करायला एप्रिल-मेसारखे दिवस नाहीत. घर ना तापलेलं ना गारठलेलं, बाजारात ताजा पुदिना, आणि मेच्या पहिल्या शनिवारी केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला केंटकी डर्बी. ही घोड्यांची शर्यत १८७५ पासून चालू आहे आणि तिच्या निमित्ताने दुकानं बर्बनने सजतात. वुडफर्ड रिझर्व्ह दर वर्षी डर्बीसाठी नव्या चित्राची एक लिटरची बाटली काढते. आत बर्बन नेहमीचीच असते. फडताळात ती छान दिसते, तुलनेसाठी तिचे जास्तीचे पैसे मोजू नका.

बाटल्या कोणत्या

कायद्याने बर्बनमध्ये काय सारखं असतं ते आधी बघा, म्हणजे फरक कुठे शोधायचा ते कळेल. धान्यात निदान ५१ टक्के मका. पिंप नवं, ओकचं, आतून जाळून कोळसा केलेलं. पिंपात भरताना तीव्रता ६२.५ टक्क्यांच्या वर नाही, बाटलीत ४० च्या खाली नाही. रंग किंवा स्वाद घालायला बंदी. मग उरतं काय? मक्याच्या जोडीचं दुसरं धान्य, वय, तीव्रता, यीस्ट आणि गोदामातली जागा. यांतला नवख्या जिभेलाही चटकन कळणारा फरक म्हणजे दुसरं धान्य. पहिली बैठक त्याचीच करा.

मेकर्स मार्कमध्ये ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के माल्ट केलेलं (मोड आणून वाळवलेलं) सातू असतं. राय (गव्हासारखं एक धान्य) अजिबात नाही. बुलेटमध्ये ६८ टक्के मका आणि तब्बल २८ टक्के राय. या दोघींच्या मधे बफेलो ट्रेस ठेवा. तिचं नेमकं प्रमाण कंपनी सांगत नाही, पण राय कमी असलेल्या घराण्यातली म्हणून ती ओळखली जाते. सोय अशी की अमेरिकेत तिन्ही ४५ टक्क्यांच्याच मिळतात, त्यामुळे जोर कमी-जास्त असल्याचा गोंधळच होत नाही. यीस्ट आणि वय थोडं वेगळं असणारच, पण गहू आणि राय यांतलं अंतर त्याच्या वर उठून दिसतं.

लेबलवरचा आकडा मात्र प्रत्येक वेळी वाचा. अमेरिकेत 'प्रूफ' लिहिलेलं असतं, त्याच्या निम्मे टक्के. एकच ब्रँड देशागणिक वेगळ्या तीव्रतेचा मिळतो: वुडफर्ड रिझर्व्ह अमेरिकेत ४५.२ ची, बाहेर बऱ्याच ठिकाणी ४३.२ ची. तेव्हा न्यू जर्सीहून आलेल्या पाहुण्याची बाटली आणि मुंबईत घेतलेली बाटली शेजारी ठेवून 'इकडची पातळ लागते' असा निकाल देऊ नका. भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरची आयात जकात १५० वरून १०० टक्क्यांवर आली, तरी या बाटल्या स्वस्त नाहीत. तिघा-चौघांनी वर्गणी काढणं शहाणपणाचं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे आणि परमिट लागतं. अमेरिकेत वय २१.

आणि जॅक डॅनियल्स या रांगेत बसवू नका. ती टेनेसी व्हिस्की म्हणून विकली जाते. पिंपात जाण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात, म्हणजे आणखी एक फरक वाढला.

नाक, ग्लास आणि स्वयंपाकघर

वसंतातली सगळ्यात मोठी अडचण बर्बनची नसते, नाकाची असते. झाडांना मोहोर आला की परागकणांनी नाक चोंदतं, आणि चोंदलेल्या नाकाला मेकर्स मार्क काय आणि बुलेट काय, दोन्ही नुसत्या गोड-तिखट लागतात. साधी चाचणी: डोळे मिटून कॉफीची पूड आणि दालचिनी आलटून पालटून हुंगा. फरक लगेच कळला नाही तर बैठक पुढे ढकला. अ‍ॅलर्जीची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी पिणंच टाळा. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांची गुंगी आणि दारूची गुंगी एकमेकींत मिसळते.

बाहेर हवा छान आहे म्हणून अंगणात किंवा गच्चीत बसायचा मोह होतो. वास घ्यायचं काम आतच करा. वाऱ्याच्या एका झुळकेत ग्लासातला निम्मा सुगंध जातो आणि शेजारच्या बार्बेक्यूचा धूर येऊन बसतो. घरातही त्या दिवशी फोडणी, उदबत्ती आणि अत्तर बंद. खोली २० ते २२ अंशांची असावी. पुण्या-नागपुरात चैत्रात खोली ३५ च्या पुढे जाते. त्या उकाड्यात अल्कोहोल भराभर उडतं आणि नाकाला फक्त चटका बसतो. बाटल्या आदल्या रात्रीपासून एसीच्या खोलीत ठेवा, किंवा गळा वर राहील अशा गार पाण्याच्या बादलीत वीस मिनिटं. फ्रिजमध्ये नको, थंडीने वास मिटून जातो.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न, म्हणजे व्हिस्की चाखायचा खास ग्लास, असेल तर उत्तम, नाहीतर लहान वाइन ग्लास चालतो. कटिंग चहाचे ग्लास टाळा. तोंड पसरट असल्याने वास साठतच नाही. सगळे ग्लास एकाच जातीचे घ्या. फार वेळा दोष बर्बनचा नसून ग्लासाचा असतो: भांड्याच्या साबणाचा लिंबू, लाकडी कपाटाचा कोंदट वास, दमट फडक्याचा आंबूस दर्प. गरम पाण्याने दोनदा विसळा, उपडे घालून वाळू द्या, पुसू नका. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगून बघा.

बैठकीआधी दोन तास तिखट नको. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल, दोघंही तोंडातल्या जळजळ ओळखणाऱ्या त्याच ग्राहींना डिवचतात. मिसळ खाऊन बसलात तर मवाळ बर्बनही पेटल्यासारखी वाटेल. चकणा नंतर. मधे खायला बिनमिठाचे कुरमुरे किंवा साध्या पावाचा तुकडा, आणि भरपूर पाणी. पण पोट रिकामंही नको, आधी वरण-भात झालेला बरा.

ओतण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत

प्रत्येकीचे १५ मिली, मोजून. डोळ्यांच्या अंदाजाने ओतलं तर आवडत्या बाटलीतून हमखास जास्त पडतं. तिघींचे मिळून ४५ मिली, आणि त्याआधी जीभ तयार करायला कुठल्याही रोजच्या व्हिस्कीचा एक लहान घोट. हा घोट चुकवू नका. पहिली चव नेहमीच सगळ्यात जळजळीत लागते, मग ती कोणतीही असो, आणि तो अन्याय रांगेतल्या पहिल्या बर्बनवर होतो. एक ७५० मिलीची बाटली अशा पन्नास नमुन्यांना पुरते. थुंकायला एक पेला जवळ ठेवा. चाखणारे व्यावसायिक लोक थुंकतातच, त्यात कमीपणा नाही. गाडी मात्र कोणीच चालवायची नाही.

जो पिणार नाही त्याला ओतायला सांगा. ग्लासाच्या तळाला अ, ब, क च्या चिठ्ठ्या, आणि कोणतं अक्षर कोणत्या बाटलीचं ते त्याच्याच खिशात. मेकर्स मार्कची लाल मेणाची मान दिसली की जिभेच्या आधी डोळा चव घेतो. ओतल्यावर बशी झाकून दहा मिनिटं थांबा.

आता वास. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नका, अल्कोहोलची वाफ उसळून नाक बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हळूहळू वर आणा. डंख बसला तिथे थांबा, एक बोट मागे घ्या. वास तिथेच असतो. शब्द शोधताना इंग्रजी लेबलांची पोपटपंची करायची गरज नाही, आपलं स्वयंपाकघर पुरेसं आहे. जाळलेल्या ओकमधून व्हॅनिला येतो, लाकडातल्या साखरा करपून काकवी आणि चिक्कीचा वास येतो. ओकमधल्या लॅक्टोनमुळे किसलेलं खोबरं, युजेनॉलमुळे लवंग (लवंगेतही तेच युजेनॉल असतं). आंबवताना तयार झालेल्या एस्टरमुळे पिकलेलं केळं, कधी थेट शिकरण. यांतलं बरंचसं तिन्ही ग्लासांत सापडेल, कारण पिंप सगळ्यांचं नवंच. वेगळं काय आहे ते शोधा: रायमधून काळी मिरी, बडीशेप, पुदिन्याचा कोरडा गारवा. गव्हातून मध आणि तव्यावरून नुकती उतरवलेली पोळी.

मग तीन-चार मिलीचा घोट. जिभेवर, गालांत, हिरड्यांपाशी घोळवा, मनात दहा मोजा. केंटकीत बर्बन अशी चघळल्यासारखी घोळवण्याला 'केंटकी च्यू' असंच नाव आहे. पहिल्या घोटाला मत बनवू नका, दुसऱ्यापासून लिहा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद राहते ते मोजा, आणि काय राहतं तेही लिहा: गोडवा, तिखटपणा, की तोंड आकसणारा तुरटपणा. लाकडात जास्त मुरलेल्या बर्बनचा तुरटपणा पानातल्या काताची आठवण करून देतो. थोडा असला तर शोभतो, जास्त झाला तर बाकी सगळं गिळून टाकतो.

एक फेरी झाली की पाणी प्या, पाच मिनिटं थांबा आणि उलट्या क्रमाने पुन्हा चाखा. दोन्ही वेळा तीच आवडली तरच ती आवडली म्हणायचं.

वेगळ्या तीव्रतेच्या असतील तर

दुसऱ्या बैठकीला इव्हान विल्यम्सची काळ्या लेबलची ४३ टक्क्यांची आणि पांढऱ्या लेबलची ५० टक्क्यांची 'बॉटल्ड इन बाँड' अशी जोडी घ्या. दोन्ही एकाच घरच्या. 'बॉटल्ड इन बाँड' हा १८९७ च्या कायद्याचा शिक्का: एका डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर बाटलीत भरलेली. वर्षात हंगाम दोनच, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर.

आधी दोन्ही जशा आहेत तशा चाखा, कमी तीव्रतेची पहिली. मग जास्त तीव्रतेचीत पाणी घालून दोघींना एका पातळीवर आणा. हिशोब सोपा आहे: मिली गुणिले आत्ताचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के. आलेल्या उत्तरातून मूळचे मिली वजा केले की पाणी किती ते कळतं. १५ मिली, ५० टक्के, हवे ४३: उत्तर १७.४, म्हणजे २.४ मिली पाणी. ६० टक्क्यांची ४५ वर आणायला पूर्ण ५ मिली लागतात. औषधाची बिनसुईची नवी सिरिंज यासाठी नेमकी. 'दोन थेंब' हे माप नव्हे, थेंबाथेंबात फरक असतो. पाणी गाळलेलं आणि खोलीच्याच तापमानाचं घ्या. बोअरवेलचं जड पाणी खडूसारखी चव सोडतं. पाणी घातल्यावर दोन मिनिटं थांबून मग हुंगा.

पाणी घातल्यावरही ५० वाली जास्त भरीव लागली, तर तो फरक बर्बनचा. सारखीच लागली, तर जास्तीचे पैसे फक्त जोराचे होते. दोन्ही निकाल उपयोगाचे.

खरंच फरक कळतो का

इथे भल्याभल्यांची जिरते. ओतणाऱ्याला सांगा: तीन ग्लास, दोनांत एकच बर्बन, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका यशावर मिशीला पीळ देऊ नका. लागोपाठ तीन वेळा अंदाजाने जमण्याची शक्यता २७ मध्ये एक. तीनदा जमलं तर फरक खरा कळतोय. यासाठी ग्लासात ५ मिली पुरे, आणि इथे थुंकायलाच हवं, नाहीतर तिसऱ्या फेरीला नाक आणि बुद्धी दोन्ही गळपटतात.

एक फसगत बाटलीचीही असते. तळाशी चौथा हिस्सा उरलेली, सहा महिने हवा खाल्लेली बाटली आणि आज उघडलेली बाटली यांची तुलना न्यायाची नाही. उरलेली बर्बन लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, प्लास्टिकच्या नको. बाटली उभीच ठेवा. आडवी केली तर तीव्र दारू बूच खाते.

शेवटी ज्युलेप

मोजमाप संपलं की मग गच्ची. डर्बीचं पेय मिंट ज्युलेप, त्याला चांदीचा किंवा प्यूटरचा (कथलाच्या मिश्रधातूचा) पेला लागतो म्हणतात. स्टीलचं फुलपात्र तितकंच छान दवारतं. पुदिन्याची आठ-दहा पानं आणि साखर-पाणी समसमान घेऊन केलेला पाक १५ मिली तळाशी घाला. पानं चमच्याने फक्त दाबा. बत्त्याने कुटली की हिरवा कडूपणा उतरतो आणि चटणीचा वास येतो. त्यावर ६० मिली बर्बन. इथे ५० टक्क्यांवाली घ्या, कारण बर्फ वितळून ती पातळ होणारच. बर्फ स्वच्छ फडक्यात बांधून लाटण्याने बारीक करा आणि शीग लागेल इतका भरा. फुलपात्राच्या बाहेर दव जमेपर्यंत ढवळा. पुदिन्याची एक डहाळी दोन तळहातांत टाळी वाजवल्यासारखी चापटून वर खोचा, आणि स्ट्रॉ इतका आखूड कापा की प्रत्येक घोटाला नाक त्या पुदिन्यात बुडेल.