लोड रनर: खड्डा कुठे खणायचा आणि कुठे नुसतं उभं राहायचं

लोड रनर या जुन्या व्हिडिओ गेममध्ये उडीचं बटण नाही. मारिओ किंवा कॉण्ट्रावर बसलेला हात इथे पहिल्या पाच मिनिटांतच फसतो. तुमच्या मागावरचा रक्षक समोरून आला की अंगठा सवयीने उडी मारायला जातो आणि पायाशेजारची वीट उडून तिथे खड्डा पडतो. घरोघरच्या ८-बिट टीव्ही गेमच्या जॉयस्टिकवर बी दाबलं की डावीकडे खणलं जातं, ए दाबलं की उजवीकडे. तुमच्या हातात एवढंच आहे: चालणं, शिडी चढणं-उतरणं, दोराला लोंबकळत जाणं आणि खणणं.

पडद्यावरचं सगळं सोनं उचला. शेवटचा ढीग उचलताच लपलेली शिडी दिसू लागते. तिच्यावरून पडद्याच्या वरच्या कडेला पोचलात की लेव्हल संपली. रक्षक अंगाला लागला तर जीव गेला. कितीही उंचावरून पडलात तरी इजा होत नाही, आणि नवखे खेळाडू हीच सवलत सर्वांत कमी वापरतात. दोरावर लोंबकळताना खालचं बटण दाबलं की सरळ खाली पडता येतं. पाठलाग सुरू असताना यापेक्षा स्वस्त सुटका दुसरी नाही. मात्र हवेत असताना डावी-उजवीकडे सरकता येत नाही, म्हणून कुठल्या चौकोनावरून सुटायचं ते आधी ठरवा.

खणण्याचे नियम नीट पाठ करा, कारण निम्मे जीव तिथेच जातात. तुम्ही ज्या विटेवर उभे आहात ती खणता येत नाही, तिच्या लगतची डावी किंवा उजवी वीटच खणता येते. त्या विटेच्या वरचा चौकोन मोकळा हवा. तिथे शिडी, दोर, वीट किंवा सोनं असेल तर बटण दाबून काहीच होत नाही. काँक्रीट खणलं जात नाही. खणलेला खड्डा ठरावीक वेळाने आपोआप बुजतो, आणि तेव्हा आत तुम्ही असाल तर तुम्ही संपलात. रक्षक खड्ड्यातून चढून बाहेर येतो, तुम्हाला ते जमत नाही. एक वीट खोल खड्ड्यात उतरलात आणि खाली मोकळी जागा नसेल, तर बुजण्याची वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही.

मूळ खेळ, म्हणजे १९८३ साली ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने ॲपल टू संगणकासाठी काढलेली आवृत्ती, पहिली कळ दाबेपर्यंत सुरूच होत नाही. या थांबण्याचा पुरेपूर वापर करा. आधी सगळ्यांत अवघड जागचा ढीग शोधा. विटांनी चारही बाजूंनी बंद असलेला किंवा ज्याच्याकडे जाता येतं पण परत येता येत नाही असा एखादा ढीग बहुतेक लेव्हलमध्ये असतोच. तिथून बाहेर पडायची वाट उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे, बोटाने पडद्यावर काढून बघा. सोपं सोनं आधी गोळा करायची सवय मोडा. वरचं सोपं सोनं उचलून खाली उतरलात आणि वर जायची शिडीच नाही, हे फार वेळा होतं.

रक्षकांबद्दल

रक्षक तुमच्यापेक्षा हळू चालतात. ते हुशार नाहीत, पण पक्के नियमाने वागतात, आणि त्यामुळेच त्यांना हाकता येतं. तुम्ही त्यांच्याच ओळीत असाल आणि मधली वाट अखंड असेल तर ते सरळ तुमच्याकडे येतात. ओळ वेगळी असेल तर तुमच्या उंचीच्या जवळ नेणारी शिडी किंवा उतरायची जागा शोधतात, मग त्यासाठी तुमच्यापासून लांब जावं लागलं तरी जातात. म्हणून शिडीवर उभं राहून एक पायरी वर किंवा खाली केलीत तर लांबचा रक्षक मध्येच तोंड फिरवतो. हा प्रयोग पहिल्याच लेव्हलवर मुद्दाम करून बघा: शिडीच्या मधोमध थांबा, एक पायरी चढा, रक्षक कुठे वळतो ते पाहा, एक पायरी उतरा, पुन्हा पाहा. दहा मिनिटांत हात बसतो. यापुढच्या अवघड लेव्हल धावून सुटत नाहीत, अशा उभं राहण्याने सुटतात.

रक्षकाला खड्ड्यात पाडायचं तर तुमच्यात आणि त्याच्यात निदान दोन-तीन चौकोनांचं अंतर ठेवा. खणायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात रक्षक त्या चौकोनावर आला तर खणणं अर्धवट राहतं आणि तो तुमच्या अंगावर येतो. तो खड्ड्यात पडला की त्याच्या डोक्यावरून चालत पलीकडे जा. डोक्यावर उभं राहणं सुरक्षित आहे. अडकलेला रक्षक म्हणजे तुमच्यासाठी पूलच, फक्त तो चढून बाहेर यायच्या आत पार व्हायचं.

पण हाच पूल दुसऱ्या रक्षकालाही चालतो. दोघे एकामागोमाग येत असताना एकच खड्डा खणलात तर पहिला पडतो आणि दुसरा त्याच्या डोक्यावरून येऊन तुम्हाला धरतो. दोघांसाठी लागून दोन खड्डे हवेत. रक्षक डावीकडून येत असतील तर डावीकडे एक खणा, एक पाऊल उजवीकडे सरका, पुन्हा डावीकडे खणा. पहिला लांबच्या खड्ड्यात पडेल, दुसरा त्याच्यावरून येऊन जवळच्यात. तिघे असतील तर तीन खणण्याचा मोह टाळा आणि जवळची शिडी धरा.

नुकत्याच खणलेल्या खड्ड्यात पडलेला रक्षक बुजायच्या आत बाहेर निघतो. खड्डा बुजायला आला असताना पडला तर गाडला जातो. गाडलेला रक्षक मरून संपत नाही, पडद्याच्या वरच्या भागात पुन्हा येतो. म्हणून रक्षक गाडणं हे बक्षीस समजू नका. सगळं सोनं गोळा झाल्यावर तुम्हाला वरच जायचं असतं, आणि त्याच वेळी तुम्ही स्वतःच्या हाताने पहारेकरी वर पाठवता. मात्र वरच्या बंद कप्प्यात सोनं असेल आणि तिथे फक्त वरूनच पडता येत असेल, तर खालचा रक्षक मुद्दाम गाडून वर पाठवणं हीच युक्ती असते. तो सोनं उचलतो आणि तुमच्यामागे येताना घेऊनच खाली येतो.

सगळं उचललं तरी शिडी येत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारण जवळजवळ नेहमी हेच असतं: एक ढीग कुठल्यातरी रक्षकाच्या खिशात आहे. रक्षक सोन्यावरून गेला की ते उचलतो, आणि मूळ आवृत्तीत त्याच्याकडे सोनं आहे हे बघून कळत नाही. एकेकाला खड्ड्यात पाडा. ज्याच्याकडे असेल त्याचं सोनं खड्ड्याच्या वरच्या चौकोनात येऊन पडतं, त्याच्या डोक्यावरून जाताना ते उचला. कधी कधी रक्षक काही वेळाने स्वतःहूनही सोनं वाटेत टाकतो, पण त्या भरवशावर राहू नका. सुरुवातीपासून ढीग मोजत राहिलात आणि नाहीसा झालेला ढीग कोणत्या रक्षकाच्या वाटेवर होता हे लक्षात ठेवलंत, तर पाचही जणांच्या मागे धावावं लागत नाही.

तीन थर खाली कसं उतरायचं

जाड विटांच्या खाली कप्पा असला की माणसं एक खड्डा खणतात, आत उतरतात आणि मरतात. नियम सोपा आहे: जितके थर, तितके खड्डे वरच्या थरात, मग प्रत्येक थराला एक कमी. दोन थरांना २ आणि १. तीन थरांना ३, २ आणि १, म्हणजे एकूण ६. खाली निमुळता होत जाणारा उलटा जिना डोळ्यांपुढे आणा.

चौकोनांना डावीकडून १, २, ३, ४ असे आकडे द्या. कप्पा १ च्या खाली आहे असं धरा.

२ वर उभे राहा, डावीकडे खणा. ३ वर सरका, डावीकडे खणा. ४ वर सरका, डावीकडे खणा. आता वरच्या थरात १, २, ३ मोकळे आहेत.

डावीकडे चाला, ३ मध्ये उतराल. तसंच पुढे २ वर या, डावीकडे खणा, म्हणजे दुसऱ्या थरातली १ ची वीट गेली. मागे ३ वर या, पुन्हा डावीकडे खणा, म्हणजे २ ची गेली.

डावीकडे चाला, दुसऱ्या थरात २ मध्ये उतराल. डावीकडे खणा, तिसऱ्या थरातली १ ची वीट गेली. डावीकडे पाऊल टाका, थेट कप्प्यात.

यात चुकतं ते वेळेचं. मधल्या थरात आधी जवळची वीट खणली तर लांबची खणायला जाताना तुम्ही स्वतःच त्यात पडता, म्हणून नेहमी लांबची आधी. आणि कोणते खड्डे बुजत आहेत याची धास्ती घेताना फक्त तुम्ही उभे आहात त्या थराकडे बघा. तुम्ही खाली उतरलात की वरचा थर बुजला तरी बिघडत नाही, उलट मागून रक्षक येत नाही. मध्ये विचार करायला थांबू नका. सहाच्या सहा खड्ड्यांचा क्रम हाताला आधी रिकाम्या जागी शिकवा. आणि उतरण्याआधी त्या कप्प्यातून बाहेर पडायची वाट आहे ना, हे पुन्हा एकदा बघा.

पोकळ विटा

काही विटा खऱ्या विटांसारख्या दिसतात पण पाय ठेवला की आरपार पडतो. ओळखायची पद्धत आहे: शेजारी उभे राहून ती वीट खणून बघा. वरचा चौकोन मोकळा असूनही खणली गेली नाही आणि दिसायला काँक्रीट नाही, तर ती पोकळ. रक्षकही त्यातून पडतात, म्हणून एखादा रक्षक अखंड जमिनीतून खाली गेलेला दिसला तर तो चौकोन लक्षात ठेवा. अडकलेलं सोनं कधी कधी फक्त याच वाटेने मिळतं.

कोणती आवृत्ती खेळावी

हा खेळ डग्लस स्मिथ या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने लिहिला. मूळ आवृत्तीत १५० लेव्हल, सुरुवातीला ५ जीव. सोन्याच्या ढिगाला २५० गुण, रक्षक पाडल्याचे ७५, गाडल्याचे आणखी ७५, लेव्हल पुरी केल्याचे १५००. गुणांचं गणितच सांगतं की रक्षकांच्या मागे लागण्यात फारसं काही नाही. १९८४ साली जपानच्या आयरेम कंपनीने तो आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर नेला आणि पुढे त्याचे भाग काढले.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात पोचली ती जपानच्या हडसन सॉफ्ट कंपनीची १९८४ ची फॅमिकॉम (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं गेम यंत्र) आवृत्ती, अनेक गेम एकत्र असलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटींमधून. तिच्यात ५० लेव्हल आहेत आणि पडदा आडवा सरकतो. म्हणजे लेव्हलचा एक भाग नेहमी नजरेआड असतो आणि तिथला रक्षक अचानक समोर येतो. या आवृत्तीत खणण्याआधी दोन पावलं मागे-पुढे करून कडेला कोण आहे ते बघा. त्याच कॅसेटीत बहुधा बॉम्बरमॅनही असायचा. बॉम्बरमॅन पूर्ण केला की त्यातला यंत्रमानव माणूस होतो आणि लोड रनरचा नायक बनतो, असा त्याचा शेवट आहे. फॅमिकॉमवर हे दोन्ही खेळ हडसननेच काढले.

१९८४ चा चॅम्पियनशिप लोड रनर ५० लेव्हलचा आहे आणि पहिल्या लेव्हलपासून अवघड. १५० मधल्या निदान पन्नासेक सुटल्याशिवाय त्याच्याकडे वळू नका. सिएरा कंपनीने काढलेल्या १९९४ च्या द लिजंड रिटर्न्समध्ये बॉम्ब, सापळे अशी हत्यारं आली आणि दोघांनी मिळून खेळायची सोय झाली. मजा आहे, पण खड्ड्यांची शिस्त त्यावर शिकता येत नाही. आज शिकायला सुरुवात करायची तर २०१७ चा लोड रनर लेगसी घ्या. त्यात जुन्या १५० लेव्हलही आहेत आणि स्वतःच्या बनवायची सोयही. ब्राउझरमध्ये चालणारा लोड रनर टोटल रिकॉल मूळ ॲपल आवृत्तीच्या वागण्याशी प्रामाणिक आहे. कीबोर्डवर डाव्या हाताची दोन बोटं झेड आणि एक्सवर ठेवा, उजवा हात बाणांवर. खणणं आणि चालणं एकाच हाताने केलं की उलटा जिना वेळेत होत नाही.

स्वतःची लेव्हल

लेव्हल बनवायची सोय मूळ खेळातच होती. त्या काळात हे फार दुर्मीळ. फॅमिकॉम कॅसेटीतही एडिट मोड आहे, पण बनवलेली लेव्हल साठवायला जपानमध्ये मिळणारा वेगळा डेटा रेकॉर्डर, म्हणजे टेपवर माहिती साठवणारं यंत्र, लागे. तो नसला की बटण बंद करताच सगळं पुसलं जातं. त्यावर उपाय म्हणजे गणिताची चौकडी वही. मूळ पडदा २८ चौकोन रुंद आणि १६ चौकोन उंच असतो, तेवढी चौकट पेन्सिलीने आखा. विटेला तिरकी रेघ, काँक्रीटला भरलेला चौकोन, शिडीला एच, दोराला आडवी रेघ, पोकळ विटेला फुली. लपलेली शिडी तुटक रेघेने काढा, म्हणजे शेवटच्या ढिगापासून तिच्यापर्यंत वाट आहे का ते दिसेल. मूळ आवृत्तीत जास्तीत जास्त ५ रक्षक ठेवता येतात. पहिल्या प्रयत्नाला दोनच ठेवा, आणि टीव्हीवर चढवण्याआधी प्रत्येक बंद ढिगाच्या वरचे थर मोजून तितके मोकळे चौकोन, अधिक उभं राहायला एक, शेजारी आहेत ना ते तपासा. तीन थरांवर तीनच चौकोनांची जागा सोडली असेल तर ती लेव्हल कोणालाच सुटणार नाही.