हिरोशिगेची तोकाइदो चित्रं बघताय? या चुका टाळा

एदो, म्हणजे आजच्या टोकियोपासून क्योतोपर्यंतचा तोकाइदो हा रस्ता सुमारे ४९० किलोमीटरचा, वाटेत ५३ मुक्काम. एकोणिसाव्या शतकातला जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे याने तो लाकडी ठशांच्या चित्रांतून घरोघरी पोचवला. १८३३-३४च्या सुमाराची, होएइदो या प्रकाशनाची मालिका त्यात सर्वांत गाजलेली. चित्रं इतकी बोलकी की बघणारा हमखास फसतो.

मोठी फसगत ही की, चित्रकाराने बघितलं तेच काढलं असं आपण धरून चालतो. ‘कांबारा’ या मुक्कामाचं चित्रच घ्या. रात्रीची वेळ, दाट बर्फ, अंग चोरून चाललेले तिघे. प्रत्यक्षात हे समुद्रकाठचं उबदार गाव. असा बर्फ तिथे विरळाच. क्योतोच्या सांजो पुलाचे खांब दगडी, हिरोशिगेने दाखवले लाकडी. तेव्हा या चित्रांवरून जुन्या जपानचा नकाशा जुळवायला जाऊ नका.

आकड्यांचाही घोळ होतो. मुक्काम ५३, चित्रं ५५. कारण एदोतला निहोनबाशी पूल आणि क्योतो ही दोन टोकंही त्यात आहेत. म्हणून शोनो हा ४५वा मुक्काम, चित्र मात्र ४६वं. शिवाय हिरोशिगेने तोकाइदो अनेकदा चितारला. होएइदोची चित्रं आडवी, १८५५च्या मालिकेतली उभी.

दोन प्रतींत फरक दिसला की एक खोटी ठरवून मोकळे होऊ नका. आकाशातली गडद-फिकट छटा ठशात कोरलेली नसते. छापणारा ओलसर ठशावर रंग हाताने पुसत-पसरवत ती प्रत्येक प्रतीसाठी नव्याने साधतो. कांबाराच्या काही प्रतींत काळोख वर आहे, काहींत खाली डोंगरांना टेकलेला. ठसेही बदलत. शोनोच्या अवचित सरीत सापडलेल्या वाटसरूच्या छत्रीवर सुरुवातीच्या छपाईत होएइदोचा प्रकाशक ताकेनोउची याचं नाव आहे. भर पावसात जाहिरात! पुढच्या प्रतींतून ते गेलं. प्रत विकत घेताना छत्री जरूर बघा, पण अक्षरं दिसली म्हणून लगेच पैसे मोजू नका; नव्याने कोरलेल्या ठशांतही ती आणता येतात. आणि घेतलीच, तर उन्हात टांगू नका, रंग उडतात.

सगळं श्रेय हिरोशिगेला देणारे ‘गोयु’ मुक्कामाचं चित्र नीट बघत नाहीत. वाटसरूंना ओढून नेणाऱ्या बायकांच्या झटापटीतच नजर अडकते. शेजारच्या सराईमध्ये टांगलेल्या पाट्यांवर कोरणारा जिरोबेई आणि छापणारा हेइबेई चित्रकाराच्या बरोबरीने नावानिशी हजर आहेत.